मातृपेशी आणि जन्यपेशी

शास्त्रीय ग्रंथांचे परीक्षण शास्त्रज्ञांनीच करावे, साहित्याच्या अध्यापकाने त्या वाटेस जाऊ नये, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. प्रयोग खरा की खोटा, मापन अचूक की सदोष, हे ठरविण्याचा अधिकार मजकडे नाही. परंतु शास्त्रज्ञ प्रयोगशाळेचे दार ओढून घेऊन सामान्य वाचकाशी बोलू लागला, म्हणजे तो भाषेच्या प्रांतात पाऊल टाकतो. आणि त्या प्रांताचे कायदे त्यालाही लागू होतात. त्याने कोणती उपमा निवडली, कोणत्या शब्दाच्या खांद्यावर किती भार टाकला, रूपकाने अर्थ कोठे उजळला व कोठे झाकोळला, हे प्रश्न साहित्याचेच आहेत. सर पॉल नर्स यांचे ‘व्हॉट इज लाइफ?’ हे २०२० साली प्रसिद्ध झालेले छोटेखानी पुस्तक मी या दृष्टीने वाचले, आणि त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

नर्स हे यीस्टचे अभ्यासक. पेशी केव्हा व कशी विभागते याचे नियमन उलगडल्याबद्दल त्यांस, लेलँड हार्टवेल व टिम हंट यांच्या समवेत, २००१ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुस्तकाचे नाव उसने आहे, व ते उघडपणे उसने घेतले आहे. एर्विन श्रोडिंगर या पदार्थवैज्ञानिकाने १९४३ साली डब्लिन येथे व्याख्याने दिली व पुढील वर्षी ती याच नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. श्रोडिंगर यांचा ग्रंथ म्हणजे परप्रांतातून आलेल्या एका बुद्धिमान पाहुण्याने विचारलेले प्रश्न होत. नर्स यांचा ग्रंथ घरच्या माणसाचे उत्तर आहे. पाहुण्याच्या प्रश्नांत जी तेजस्विता असते ती घरच्या माणसाच्या उत्तरात नसते, हे मान्य केले पाहिजे. पण घरात कोठे काय ठेवले आहे हे पाहुण्यास ठाऊक नसते.

पेशी, जनुक, नैसर्गिक निवडीने होणारी उत्क्रांती, रसायन म्हणून जीवन आणि माहिती म्हणून जीवन, अशा पाच पायऱ्यांनी लेखक वाचकास वर नेतो. आरंभी बागेत बसलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कुंपणावरून आलेले पिवळे फुलपाखरू दिसते. शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या मुळाच्या टोकाच्या पेशी दिसतात. असले आरंभ शास्त्रज्ञांच्या आत्मनिवेदनांत इतके झाले आहेत की त्यांवर अधिक काही न लिहिणे बरे. ग्रंथास खरा रंग चढतो तो नर्स आपल्या यीस्टकडे वळतात तेव्हा.

हे यीस्ट पाव फुगविणारे नव्हे. आफ्रिकेच्या पूर्व भागातील तृणधान्याच्या मद्यात ते प्रथम सापडले, आणि तेथील स्वाहिली भाषेतील ‘पोंबे’ हा मद्यवाचक शब्दच त्याच्या शास्त्रीय नावात शिरला. याची पेशी लांबट दांडीसारखी असते. ती टोकांकडे वाढते. तिची जाडी जवळजवळ बदलत नाही. मिलिमीटरच्या सुमारे १४ सहस्रांशाइतकी लांबी झाली की मधोमध आडवी भिंत पडते आणि एकीच्या दोन होतात. म्हणजे पेशीची लांबी मोजली की तिचे वय कळले. निसर्गाने संशोधकासाठी मोजपट्टीच करून ठेवावी, असा हा प्राणी. मी त्यास प्राणी म्हटले, याबद्दल वनस्पतिशास्त्राचे व प्राणिशास्त्राचे माझे दोघेही सहकारी मला बोल लावतील.

आता प्रश्न असा : विभागण्याची वेळ झाली हे ठरते कशाने? हार्टवेल यांनी पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्ये अशा विकृत पेशी शोधल्या की ज्यांचे एखादे जनुक बिघडल्यामुळे विभाजन अडकते. मार्ग उत्तम होता, पण त्यात एक अडचण होती. बैलगाडी थांबली तर आस मोडला असेल, जू तुटले असेल, किंवा बैलाने बसकण मारली असेल. गाडीचा वेग कोण ठरवितो हे त्यावरून कळत नाही. उलट, एखादी वस्तू काढून घेतल्याबरोबर गाडी अधिक वेगाने पळू लागली, तर ती वस्तू वेगास आवर घालीत होती हे निश्चित. एडिंबरो येथे १९७० नंतरच्या दशकात नर्स यांस अशा पेशी सापडल्या की ज्या पुऱ्या वाढण्यापूर्वीच, नेहमीच्या जवळजवळ निम्म्या आकाराच्या असतानाच, दुभंगत. स्कॉटलंडच्या बोलीत चिमुकल्यास ‘वी’ म्हणतात. तेच नाव या पेशींस मिळाले. ज्या जनुकाच्या बिघाडाने असे घडे ते ‘वी-१’. ते विभाजनास लगाम घालणारे जनुक होते.

अशा सुमारे पन्नास पेशीजाती त्यांनी गोळा केल्या आणि एक वगळता सर्वांचा दोष त्याच एका जनुकात निघाला. वगळलेली ती एक जात ज्या बशीत होती तिच्यावर बुरशी चढली होती. कंटाळून नर्स यांनी ती बशी केराच्या टोपलीत टाकली आणि ते घरी गेले. संध्याकाळी मनास चैन पडेना, म्हणून परत येऊन त्यांनी ती उचलली. तिच्यातील दोष निराळ्याच जनुकात होता, आणि ते जनुक विभाजनचक्राचे सूत्रधार ठरले. ते निकामी झाले तर पेशी विभागतच नाही. त्यात विशिष्ट प्रकारचा फेरफार झाला तर ती उतावीळपणे विभागते. एकाच जनुकाच्या ठायी दोन्ही टोके सापडली, तेव्हा लगाम कोणाच्या तोंडात आहे हे कळले. असा प्रसंग हाती लागला असता एखाद्या लेखकाने दैवावर प्रवचन झोडले असते. नर्स आपला आळस व आपली रुखरुख दोन्ही सांगतात आणि पुढे जातात. ही संयमाची जात मला आवडते.

यापुढील प्रकरण तर अधिक विलक्षण आहे. १९८७ साली नर्स यांच्या प्रयोगशाळेत मेलनी ली यांनी हे जनुक बिघडलेल्या यीस्टच्या पेशींत मानवी जनुकांचे तुकडे सोडले. बहुतेक पेशी मेल्या. काही जगल्या व विभागू लागल्या. त्या जगल्या त्या माणसाच्या एका जनुकाच्या बळावर. माणसाचे आणि यीस्टचे पूर्वज परस्परांपासून वेगळे होऊन शंभर कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तरीही एकाचा सूत्रधार दुसऱ्याच्या रंगभूमीवर उभा राहिला आणि खेळ बिनबोभाट चालला. आपल्याकडे सर्वांभूती एकत्वाचे वर्णन पुष्कळ झाले आहे. ते येथे बशीत वाढवून दाखविलेले आहे, एवढाच फरक.

येथवर स्तुती झाली. आता भाषेकडे वळतो.

विभागणाऱ्या पेशीस मातृपेशी व तिच्यापासून होणाऱ्या दोहोंस कन्यापेशी किंवा जन्यपेशी म्हणण्याचा प्रघात युरोपीय भाषांतून आपल्याकडे आला. माझ्या एका विद्यार्थिनीने एकदा विचारले, “दोन मुली झाल्या हे खरे, सर, पण आई कोठे गेली?” प्रश्न भाबडा नाही. आई मुलीस जन्म देते तेव्हा ती मागे उरते. आपल्या भाषेतील आईपणाचा सारा अर्थ त्या उरण्यात आहे. पोंबे-यीस्टची पेशी दुभंगते तेव्हा कोणीही मागे उरत नाही आणि कोणी मेलेलेही नसते. प्रेत नाही, वियोग नाही, सुतक नाही. ऑगस्ट वाइसमान या जर्मन जीवशास्त्रज्ञाने १८८० नंतरच्या दशकात याच गोष्टीवर बोट ठेवून म्हटले होते की, एकपेशीय जीवास आपल्यासारखा स्वाभाविक मृत्यू नाही. मातृपेशी हे रूपक नेमका हाच आश्चर्याचा मुद्दा झाकून टाकते.

पण रूपकास सर्वथा खोटे ठरविण्याची घाई करू नये. हार्टवेल यांच्या, म्हणजे पाव फुगविणाऱ्या, यीस्टमध्ये आई खरोखरच आई असते. तिच्या अंगावर लहानशी कळी फुटते, ती मोठी होऊन सुटते, आणि आई तेथेच राहते. शिवाय ती म्हातारीही होते : वीस-तीस वेळा कळ्या सोडल्यावर तिचे प्रसवणे थांबते, आणि मुलगी मात्र कोऱ्या वयाने संसार मांडते. आपल्या शरीरातील मूलपेशींतही असाच काहीसा प्रकार असू शकतो. दोहोंपैकी एक मूळपदी राहते व दुसरी कातडीची किंवा रक्ताची होऊन कामास लागते. म्हणजे एका यीस्टपुरते रूपक यथार्थ आणि दुसऱ्यापुरते भ्रामक. एकच नोबेल पारितोषिक दोन निरनिराळ्या मातृकल्पनांस मिळाले, असे गमतीने म्हणता येईल. नर्स यांनी या भेदाकडे आपल्या वाचकाचे लक्ष अधिक वेधावयास हवे होते. त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणास आहे?

तसे वाटण्यास आणखी एक कारण आहे. या ग्रंथात नर्स यांनी आपल्या जन्माची हकीकत सांगितली आहे. वयाची पन्नाशी उलटल्यावर, अमेरिकेत राहण्याच्या परवान्यासाठी जन्माचा पूर्ण दाखला मागविला असता, त्यांस कळले की ज्यांस ते आईवडील समजत होते ते त्यांचे आजोबा-आजी, आणि जिला ते बहीण समजत ती त्यांची आई. तोपर्यंत ती हयात नव्हती. आनुवंशिकतेचा जगप्रसिद्ध अभ्यासक आपल्याच वंशाविषयी अंधारात राहिला, ही नियतीची थट्टा ते स्वतःच हसून नोंदवितात. आई, मुलगी, बहीण हे शब्द किती काम करतात व किती लपवितात, याचा अनुभव ज्याच्या पदरी आहे त्याने पेशींची नाती लावताना तोच चोखंदळपणा दाखविला असता, तर हा ग्रंथ आणखी एक पायरी वर चढला असता.

मराठी परिभाषेसंबंधी येथे थोडे विषयांतर करतो. इंग्रजीतील मूळ शब्दाचा अर्थ खोली किंवा कोठडी. रॉबर्ट हूक याने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरे पाहिली आणि त्यांस हे नाव दिले. त्याने पाहिली ती मेलेल्या पेशींची रिकामी घरे. रहिवासी केव्हाच निघून गेला होता. १८६१ साली माक्स शुल्ट्झे याने पेशी म्हणजे केंद्रक असलेला जीवद्रव्याचा गोळा, अशी व्याख्या केली. पण शब्द कोठडीचाच राहिला. आपला ‘पेशी’ हा शब्द आयुर्वेदातला. तेथे त्याचा अर्थ मांसाचा पिंड, आणि सुश्रुतसंहितेत शरीरातील पेशी पाचशे सांगितल्या आहेत त्या स्नायूंच्या. म्हणजे शब्दाचे अर्थांतर झाले हे खरे, पण तो भिंतींचे वर्णन न करता आतल्या ऐवजाचे करतो. शुल्ट्झे यास तो पसंत पडला असता.

‘गुणसूत्र’ या शब्दाची कथा उलटी आहे. वाल्टर फ्लेमिंग हा कील येथील शरीरशास्त्रज्ञ सॅलमँडर नावाच्या जलस्थलचर प्राण्याच्या पिलांच्या पेशी कृत्रिम रंगांनी रंगवून पाहत असे. रंग पिणारे धागे केंद्रकात प्रकट होतात, आखूड होतात, उभे चिरले जाऊन दोहोंकडे ओढले जातात, हे त्याने १८८२ सालच्या आपल्या ग्रंथात चित्रांनिशी मांडले. त्यातील बहुतेक पेशी रंगविताना मेलेल्या. एकेका मृत क्षणाचे चित्र काढून त्यांची अनुक्रमे मांडणी करावयाची आणि त्यातून हालचाल वाचावयाची, हे काम हस्तलिखितांची सुटी पाने लावणाऱ्या संपादकाचेच म्हणावे लागेल. त्याने या क्रियेस ग्रीक भाषेतील ‘धागा’ या शब्दावरून नाव दिले. १८८८ साली वाल्डायर याने त्या धाग्यांस केवळ ‘रंगीत काया’ म्हटले, कारण ते कशासाठी आहेत हे कोणास ठाऊक नव्हते. मराठीने ‘गुणसूत्र’ म्हणून नंतरचे ज्ञान नावातच ओवून टाकले. फ्लेमिंगचा धागा मात्र ‘सूत्री विभाजन’ या आपल्या शब्दात शाबूत आहे. सोयीचे झाले, पण विद्यार्थ्यास अज्ञानापासून ज्ञानापर्यंतची वाट दिसेनाशी झाली, हेही लक्षात ठेवावे.

नर्स यांच्यावर माझा मुख्य आक्षेप मात्र निराळा आहे. शेवटच्या पायरीवर, म्हणजे माहितीच्या प्रकरणात, पेशीस आपल्या स्थितीचे ज्ञान असते, ती संदेश घेते, त्यांवरून हेतुपूर्वक वागते, अशा धर्तीची भाषा येते. आपल्या अलंकारशास्त्रात यास चेतनगुणोक्ती म्हणतात : अचेतनावर चेतनाच्या गुणांचा आरोप. गंमत अशी की पेशी अचेतन नाही; ती जिवंत आहे. पण तिला मन नाही. या मधल्या प्रदेशासाठी कोणत्याच भाषेत क्रियापदे नाहीत, आणि म्हणून लेखक मनाची क्रियापदे वापरतो. त्यास दोष देणे कठीण आहे, परंतु तो या उधारीची कबुली वारंवार देत राहिला असता तर बरे झाले असते. कारण ‘पेशी ठरविते’ असे म्हटले की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. वस्तुतः तो तेथेच सुरू होतो. प्रत्यक्षात काय घडते? सूत्रधार जनुकापासून होणारे विकर एकटे काही करीत नाही. त्यास एका जोडीदार प्रथिनाची गरज असते. टिम हंट यांनी १९८२ साली सागरी अर्चिनच्या अंड्यांत असे प्रथिन पाहिले की जे हळूहळू साचते आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी एकाएकी नाहीसे होते. साचणे, जोडी जमणे, इतर प्रथिनांस फॉस्फेट चिकटविणे, मग जोडीदाराचा नाश. यात ठरविणारा कोणी नाही. हे वर्णन ‘ठरविते’ या एका शब्दाहून लांब आहे, पण अधिक सुंदर आहे.

यातूनच दुसरी उणीव निघते. वाढणे आणि विभागणे या दोन क्रिया आपण एकीच्या पोटात दुसरी समजतो, आणि या ग्रंथाचा वाचकही बहुधा तसाच समज घेऊन उठेल. पण त्या वेगळ्या होऊ शकतात. फलित अंडे आरंभी विभागत जाते, पण एकंदर आकाराने वाढत नाही. एका भाकरीचे तुकडे करावेत तसे. मज्जापेशी वाढून हातभर लांब होते, पण विभागत नाही. मग बहुतेक पेशींत या दोन क्रियांची सांगड इतकी नेमकी कशी राहते की पिढ्यान्‌पिढ्या आकार बदलत नाही? पेशी मनाने नव्हे तर कोणत्या द्रव्याने आपली लांबी मोजते? ज्या संशोधकाने ‘वी’ पेशी शोधून हा प्रश्न तरुणपणी ऐरणीवर आणला, त्याच्या ग्रंथात त्यास मानाचे पान मिळाले नाही. यीस्टपुरतेही त्याचे सर्वमान्य उत्तर झालेले नाही. आणि म्हणूनच तो वाचकापुढे मांडण्याजोगा होता. सुटलेली कोडी सांगणे सोपे असते. ४५ वेळा दुप्पट झाले की एकाचे ३५ लाख कोटी होतात, आणि मानवी शरीरातील पेशींची संख्या आज सुमारे ३० लाख कोटी धरतात, हा बुद्धिबळाच्या पटावरील तांदळाचा हिशोब कोणीही सांगेल. प्रत्येक दुपटीच्या वेळी थांबावयाचे केव्हा, हे सांगणे अवघड.

आणि थांबण्याच्या या प्रश्नाशी आपल्या घरांचा संबंध आहे. कर्करोगाचे नाव आपल्याकडे अजूनही दबल्या आवाजात घेतात. वर्तमानपत्रे रोग्याची ‘झुंज’ वर्णितात, आणि ती संपली की अप्रत्यक्षपणे त्याचा पराभव जाहीर करतात. लोकप्रिय शास्त्रीय लेखनात पेशी ‘बंडखोर’ होते, ‘आक्रमण’ करते. सूझन सॉन्टॅग यांनी १९७८ सालीच या युद्धभाषेविरुद्ध लिहिले होते. त्या स्वतः त्या रोगातून गेल्या होत्या. पेशीविज्ञान काय सांगते? आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ साली मुलांच्या डोळ्यांतील एका अर्बुदाविषयी अनुमान केले की, एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या म्हणजे ते उद्भवते; पुढे ते जनुक सापडले आणि ते विभाजनास आवर घालणारे निघाले. म्हणजे येथे बंड नाही. लगाम तुटला आहे. हा भेद केवळ शब्दांचा नाही. बंड म्हटले की कोणाच्या तरी पापाचा, चुकलेल्या आहारविहाराचा, मनातल्या कोंडमाऱ्याचा शोध सुरू होतो, आणि आजाऱ्याच्या उशाशी बसलेली माणसे नकळत फिर्यादी होतात. मी अशी घरे पाहिली आहेत.

उपचारांची भाषाही याच दिशेने बोलते. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्क्रिस्टीन व व्हिनब्लास्टीन ही औषधे गुणसूत्रांना दोहोंकडे ओढणारे सूक्ष्म तंतू बनू देत नाहीत. विभाजन मध्येच अडते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात यांपैकी पहिले आजही दिले जाते. २०१५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले पाल्बोसिक्लिब हे स्तनाच्या कर्करोगावरील औषध तर नर्स यांच्या सूत्रधाराच्याच कुळातील दोन विकरांस रोखते. एडिंबरोच्या केराच्या टोपलीपासून येथपर्यंतचा रस्ता सरळ नाही, पण तो तुटलेलाही नाही.

या ग्रंथाचे मराठीकरण कोणी हाती घेतल्यास त्याने दोन-तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात. पोंबे-यीस्टच्या संदर्भात ‘मातृपेशी’ टाळून ‘पूर्वपेशी’ लिहावे; कळी सोडणाऱ्या यीस्टपुरते आईपण खुशाल राखावे. ‘ठरविते’ असे जेथे येईल तेथे ‘घडते’ चालते का हे प्रत्येक वेळी करून पाहावे. निम्म्या ठिकाणी चालेल. आणि ‘वी’ या स्कॉटिश शब्दासाठी ‘लघुरूप उत्परिवर्तित’ असले काही न योजता, कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत कोणासही कळेल असे ‘पिटुकली’ म्हणावे.